व्होल्टेज क्लॅम्पची पहिली नोंद: खाऱ्या हवेतल्या प्रयोगशाळेसाठी

रत्नागिरीत आमच्या प्रयोगशाळेची खिडकी उघडली की भाट्याच्या खाडीवरून वारा येतो. एम.एस्सी. करून नव्याने आलेल्या मुलामुलींना तो फार आवडतो. मी ती खिडकी त्यांच्याच हाताने बंद करून घेते आणि वहीत पहिली ओळ लिहायला सांगते: आज खोलीतली आर्द्रता किती? पेशीतून वाहणाऱ्या ज्या करंटच्या मागे ही मुलं लागणार आहेत, तो पिकोअँपिअरमध्ये मोजायचा असतो. पिकोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग. पिपेट म्हणजे पेशीला टेकवायची काचेची बारीक नळी; तिच्या होल्डरवर बसलेल्या ओलसर मिठाच्या थरातून याहून जास्त करंट सहज गळून जातो.

प्राणिशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी करून पहिल्यांदाच अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसणाऱ्यांसाठी हा लेख आहे. रिगवर, म्हणजे ही सगळी उपकरणं मांडलेल्या टेबलावर, शिकवायला शेजारी कोणी असेल तर उत्तमच. नसेल तर इथल्या क्रमाने जा, आणि कुठलीही पायरी ‘ही मला येते’ म्हणून सोडू नका.

अ‍ॅम्प्लिफायर नेमकं काय करतो

पोफळीच्या वाडीतली पाण्याची कुंडी डोळ्यांसमोर आणा. कुंडीच्या आत चुन्याची एक खूण आहे आणि पाणी त्या खुणेपाशीच राहिलं पाहिजे, असं ठरलेलं आहे. कुंडीला बारीक भोकं आहेत, ती मधेच उघडतात, मधेच मिटतात. तुम्ही कळशी घेऊन काठावर उभे आहात. पाणी खुणेखाली जायला लागलं की तेवढंच ओतायचं, वर चढायला लागलं की तेवढंच उपसायचं. किती ओतलं आणि किती उपसलं याचा हिशोब ठेवलात, तर भोकं डोळ्यांनी न बघताही त्यांतून किती पाणी गेलं ते कळतं.

खूण म्हणजे तुम्ही दिलेलं व्होल्टेज, भोकं म्हणजे पेशीपटलातली आयन चॅनेल आणि कळशी घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. पटलाचं व्होल्टेज तो ढळू देत नाही, आणि त्यासाठी त्याला जो करंट सोडावा लागतो तीच तुमची नोंद.

हा खटाटोप कशाला, असा प्रश्न पडेल. चेतापेशीत सोडियमची चॅनेल उघडली की करंट आत येतो, त्याने व्होल्टेज बदलतं, बदललेल्या व्होल्टेजने आणखी चॅनेल उघडतात. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे वेगळं काढता येत नाही. व्होल्टेज बांधून ठेवलं की गुंता सुटतो. यालाच व्होल्टेज क्लॅम्प म्हणतात. केनेथ कोल यांनी 1940च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत वापरली. पुढे हॉजकिन आणि हक्सली यांनी माकूळाच्या जाड चेतातंतूवर काम करून 1952 साली सोडियम आणि पोटॅशियमचे करंट वेगवेगळे करून दाखवले. 1963 साली त्यांना नोबेल मिळालं.

माकूळ म्हटल्यावर आमच्याकडची मुलं सावरून बसतात, कारण तो घरोघरी साफ केलेला असतो. पुढच्या वेळी नळीसारखं अंग उभं चिरलंत, की आतल्या भिंतीवर डोक्याच्या बाजूला नीट बघा. दोन्हीकडे एकेक छोटी गाठ दिसेल आणि तिच्यातून चांदणीच्या किरणांसारखे पांढुरके धागे पसरलेले दिसतील. त्यांतल्या जाड धाग्यांत तो महाकाय चेतातंतू असतो. काही जातींत तो अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड भरतो, म्हणून त्याच्या आत लांबीभर तार सरकवता आली. आपल्या नेहमीच्या पेशी 10 ते 20 मायक्रोमीटरच्या. त्यांत तार घालणं शक्य नाही. त्यासाठी नेहर आणि झाकमान यांची पॅच क्लॅम्प पद्धत लागते. काचेच्या पिपेटचं बारीक तोंड पटलाला घट्ट चिकटवायचं. 1976 साली त्यांनी एकेका चॅनेलचा करंट असा मोजून दाखवला आणि 1991 साली त्यांनाही नोबेल मिळालं. खाली सांगते ती पद्धत हीच, तिचा ‘होल सेल’ प्रकार, म्हणजे पटल फोडून अख्ख्या पेशीचा करंट मोजायचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा, पुढचा सगळा लेख तिच्याभोवती फिरतो. अ‍ॅम्प्लिफायरला पेशी दिसत नाही. त्याला फक्त स्वतःच्या तारेचं टोक दिसतं. त्या टोकापाशी व्होल्टेज बरोबर आहे याची तो खात्री देतो. टोकापासून पटलापर्यंत वाटेत काय काय आहे, याची जबाबदारी तुमची.

आधी खोटी पेशी

पहिला आठवडा खऱ्या पेशीला हात लावायचा नाही. आमच्याकडे हा नियम आहे आणि मी तो कोणासाठीही मोडत नाही.

खोट्या पेशीसाठी दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर घ्या: 10 मेगाओम, 500 मेगाओम आणि 33 पिकोफॅरड. हेडस्टेजकडून (पिपेटजवळ बसणारा अ‍ॅम्प्लिफायरचा पुढचा छोटा भाग) येणाऱ्या टोकाला 10 मेगाओम जोडा. त्याच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडपर्यंत 500 मेगाओम आणि कपॅसिटर एकमेकांना समांतर जोडा. सगळं एका पत्र्याच्या छोट्या डबीत बसवा आणि डबी ग्राउंडला जोडा. अ‍ॅम्प्लिफायरसोबत कंपनीची तयार मॉडेल सेल आली असेल तरी ही एकदा स्वतःच्या हाताने बनवाच. 10 मेगाओम म्हणजे पिपेटची वाट, 500 मेगाओम म्हणजे पटलाचा रेझिस्टन्स, 33 पिकोफॅरड म्हणजे पटलाचा कपॅसिटन्स. डाग देताना हे डोक्यात बसतं, आकृती पाहून बसत नाही.

डाग दिल्यावर बोटांचे ठसे आणि फ्लक्स इथेनॉलने पुसून घ्या. 500 मेगाओमच्या रेझिस्टरवर घामाचा एक ठसा राहिला, तर तो 500 मेगाओमचा राहत नाही.

आता 10 मिलिव्होल्टची पल्स द्या. स्क्रीन बघायच्या आधी कागदावर उत्तर काढा. पहिल्या क्षणी कपॅसिटर कोरा असतो, म्हणून वाटेत फक्त 10 मेगाओम. 10 मिलिव्होल्ट भागिले 10 मेगाओम, म्हणजे 1 नॅनोअँपिअरचा उंच कळस. मग तो उतरतो. उतरण्याचा वेळ-स्थिरांक 10 मेगाओम गुणिले 33 पिकोफॅरड, म्हणजे साधारण 330 मायक्रोसेकंद. कपॅसिटर भरला की उरतात 510 मेगाओम आणि करंट जेमतेम 20 पिकोअँपिअर. स्क्रीनवर कळस थोडा बुटका दिसेल, तो फिल्टरचा परिणाम. बाकी आकडे जुळले पाहिजेत. नाही जुळले तर गेनचं (सिग्नल किती पट वाढवायचा त्याचं) सेटिंग, पल्सची दिशा आणि सॉफ्टवेअरमधला स्केल तपासा. सॉफ्टवेअरमध्ये गेन चुकीचा भरलेला असतो आणि महिनाभराच्या सगळ्या नोंदी दहापट मोठ्या निघतात, हा प्रकार मी पाहिला आहे.

खऱ्या पेशीवर दिसणारं चित्र हेच असतं. म्हणून याच डबीवर कपॅसिटन्सची बटणं फिरवून कळस घालवायला शिका आणि सिरीज रेझिस्टन्स कॉम्पेन्सेशन (वाटेतल्या रेझिस्टन्सची भरपाई) वाढवत नेऊन कुठे थरथर सुरू होते ते बघून ठेवा. डबी मरत नाही, तिच्यावर हवा तेवढा वेळ काढता येतो.

अर्थिंग आणि पन्नास हर्ट्झ

डबीवर हात बसला की नॉईजकडे वळायचं. ट्रेस झूम करून दोन कळसांमधलं अंतर मोजा. 20 मिलिसेकंद असेल तर ते 50 हर्ट्झ, म्हणजे विजेच्या तारांमधून थेट आलेलं. 10 मिलिसेकंद असेल तर 100 हर्ट्झ, म्हणजे बहुधा ट्यूबलाईट किंवा एखादा पॉवर सप्लाय. मग खोलीतली एकेक वस्तू प्लगमधून काढत जा: सूक्ष्मदर्शकाचा दिवा, मॅनिप्युलेटरचा कंट्रोलर, पंप, फोनचा चार्जर. नुसतं बटण बंद करून पुरत नाही, प्लग काढा. दिवे गेल्यावर इन्व्हर्टरवर काम चालू ठेवणार असाल तर आधी त्याचा नॉईज बघा. चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर रिगवर चालत नाही.

जाळीचा पिंजरा, टेबलाचा पत्रा, सूक्ष्मदर्शक, मॅनिप्युलेटर या प्रत्येकाची एकच तार काढा आणि सगळ्या तारा एकाच बिंदूवर आणा. एका वस्तूला दोन वाटांनी ग्राउंड मिळाला की तारांचं वेटोळं होतं आणि ते अँटेनासारखं वागतं. हे वेटोळं तोडायला काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. तसं कधीही करू नका. बाथमध्ये, म्हणजे पेशी ठेवायच्या भांड्यात, खारं पाणी असतं आणि तुमचे हात ओले असतात.

अर्थिंगबद्दल आमच्या भागातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एका मे महिन्यात आमच्या रिगवर अचानक 50 हर्ट्झ वाढलं. दोन दिवस मी केबली बदलत होते, पिंजऱ्याचा सांधा न् सांधा घासला, काही फरक पडेना. तिसऱ्या दिवशी वीजकाम करणारे काका आले. त्यांनी आत न येता आधी मागच्या अंगणात जाऊन अर्थिंगचा खड्डा उघडला. आमच्याकडे खाली जांभा. पावसाळ्यात तो ओला असतो, पण मेपर्यंत कोळसा-मिठाचा भराव आणि भोवतीचा जांभा खडखडीत कोरडा पडलेला. काकांनी चार बादल्या पाणी ओतलं, “आता बघा मॅडम” म्हणाले आणि तासाभराने ट्रेस निम्म्याहून बारीक झाला. तेव्हापासून मार्च ते जून दर सोमवारी खड्ड्यात पाणी घालणं हे आमच्या वहीतलं ठरलेलं काम आहे. तुमची इमारत जांभ्यावर असेल तर तुम्हीही ते लावून घ्या.

पावसाळा, मीठ आणि ओल

आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की हेडस्टेज आणि पिपेट होल्डरच्या पृष्ठभागावर ओलीचा पातळ थर धरतो. रोज सकाळी दोन वेळा नॉईजचा आकडा लिहा: एकदा हेडस्टेज मोकळं असताना, एकदा होल्डर लावून. दुसरा आकडा एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वर गेला तर होल्डर ओला किंवा खारट झालाय. तो सुटा करा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, त्याच्या प्लास्टिकला चालत असेल तर इथेनॉलने चटकन विसळा आणि रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. पिपेट भरताना द्रावण निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. होल्डरमध्ये शिरलेला एक थेंब दिवसभराचं काम घालवतो.

बीएनसी कनेक्टरच्या आत हिरवट थर दिसू लागला तर घासत बसू नका, कनेक्टर बदला. ऑब्जेक्टिव्ह भिंगं रात्री कोरड्या पेटीत, नाहीतर एका पावसाळ्यात त्यांवर बुरशीची जाळी धरते. हेडस्टेजला हात लावण्याआधी पिंजऱ्याला हात लावायची सवय करा. पावसाळ्यात स्थिर वीज कमी असते, पण एसीच्या कोरड्या हवेत एका ठिणगीने हेडस्टेज कायमचं जातं.

द्रावणांच्या बाबतीत कोकणात जी चूक हमखास होते ती कॅल्शियम क्लोराईडची. जुलैत बरणीचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तर खडे ओले होऊन एकमेकांना चिकटतात, बरणी जुनी असेल तर तळाशी चक्क पाणी साचतं. तुम्ही वजन करता ते मीठ आणि हवेतलं पाणी यांचं मिळून. मग द्रावणात कॅल्शियम कमी पडतं आणि सील लागायला, म्हणजे पिपेट पटलाला घट्ट चिकटायला, त्रास होतो. मॅग्नेशियम क्लोराईडचंही तसंच. यावर उपाय सोपा आहे. नवी बरणी उघडल्याच्या दिवशीच 1 मोलरचा साठा बनवून ठेवा आणि वर्षभर त्यातूनच पिपेटने घ्या.

बाहेरचं द्रावण, मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराईड 140, पोटॅशियम क्लोराईड 4, कॅल्शियम क्लोराईड 2, मॅग्नेशियम क्लोराईड 1, हेपेस 10, ग्लुकोज 10. सोडियम हायड्रॉक्साईडने पीएच 7.4. पिपेटमधलं द्रावण: पोटॅशियम ग्लुकोनेट 120, पोटॅशियम क्लोराईड 10, मॅग्नेशियम क्लोराईड 1, ईजीटीए 5, हेपेस 10, मॅग्नेशियम-एटीपी 4. पोटॅशियम हायड्रॉक्साईडने पीएच 7.2. आतल्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 मिलिऑस्मोलने कमी ठेवा, नाहीतर पेशी फुगते. ग्लुकोनेट वापरलं की दोन द्रावणांच्या सीमेवर 10 ते 15 मिलिव्होल्टचा जंक्शन पोटेन्शियल येतो. स्क्रीनवरच्या व्होल्टेजमधून तो वजा करायचा असतो. केला की नाही, ते वहीत स्पष्ट लिहा. दोघांच्या नोंदी जुळत नाहीत तेव्हा भांडण बहुतेक वेळा इथेच असतं.

तार आणि पिपेट

पिपेटमध्ये जाणारी चांदीची तार उघडी चालत नाही, तिच्यावर सिल्व्हर क्लोराईडचा थर हवा. तार बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि ब्लीचमध्ये वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवा. ती मंद करडी, किंचित जांभळट झाली पाहिजे. दुकानातलं ब्लीच उन्हाळ्यात लवकर मरतं. खिडकीत ठेवलेली बाटली मेअखेर नुसतं खारं पाणी उरते, म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवा. पिपेट चढवताना काचेची कड तारेला घासून थर खरवडला जातो आणि मग ऑफसेट, म्हणजे बाहेरून काही न देताही दिसणारं व्होल्टेज, सरकत राहतो. पाच मिनिटांत एक मिलिव्होल्टपेक्षा जास्त सरकला तर तार पुन्हा ब्लीचमध्ये.

पिपेट त्याच दिवशी खेचा आणि धूळ न लागेल अशा डब्यात ठेवा. रेझिस्टन्स 3 ते 5 मेगाओम. पावसाळ्यात पुलरची (पिपेट खेचायच्या यंत्राची) तीच सेटिंग वेगळं तोंड देते, म्हणून पहिल्या दोन-तीन पिपेटी मोजून सेटिंग जुळवून घ्या. आतलं द्रावण 0.22 मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून भरा.

कोणती पेशी

सुरुवात वाढवलेल्या पेशींवरच करा. न्यूरो-2ए नावाच्या उंदराच्या पेशी मी सुचवते, त्यांच्यात स्वतःचा सोडियम करंट असतो, त्यामुळे बघायला काहीतरी मिळतं. पेशीवाण पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येतात. काचेच्या तुकड्यांवर त्या विरळ पेरा. एकमेकींना चिकटलेल्या, लांब शेपट्या फुटलेल्या पेशी नकोत. एकटी, गोलसर, कड चकाकणारी पेशी निवडा. शेपटीच्या टोकापर्यंत तुमचं व्होल्टेज पोचत नाही, तिथली चॅनेल आपल्या मनाने उघडतात.

शेतात डरांव डरांव करणारा मोठा बेडूक पकडून आणू का, असं दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतं. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, त्याला हात लावायचा नाही. कुठल्याही प्राण्यावर काम करायचं असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची लेखी मंजुरी आधी.

सील

पिपेट भरली, टिचक्या मारून बुडबुडे काढले, होल्डरमध्ये बसवली. बाथमध्ये उतरवण्याआधीच सिरिंजने हलका दाब द्या, म्हणजे तोंडातून द्रावण बाहेर येत राहील आणि कचरा चिकटणार नाही. बाथमध्ये गेल्यावर ऑफसेट शून्य करा आणि 5 मिलिव्होल्टची पल्स चालू ठेवा. पिपेट 4 मेगाओमची असेल तर 1.25 नॅनोअँपिअरचा चौकोन दिसेल.

आता पेशीवर वरून हळूहळू या. शेवटचे काही मायक्रोमीटर अगदी सावकाश. दाबामुळे पेशीवर छोटी खळी पडलेली दिसेल आणि चौकोन थोडा बुटका होईल. तोच क्षण. दाब सोडा. बऱ्याचदा एवढ्यावरच रेझिस्टन्स चढायला लागतो. नाही चढला तर सिरिंजने अगदी हलकं ओढा आणि होल्डिंग (पल्स नसताना धरून ठेवायचं व्होल्टेज) हळूहळू उणे 60 मिलिव्होल्टवर न्या. चौकोन बसत बसत सपाट रेघ होतो. 1 गिगाओमला 5 मिलिव्होल्टचे फक्त 5 पिकोअँपिअर उरतात. 1 गिगाओमच्या खाली थांबलं तर ती पेशी सोडून द्या आणि पिपेट बदला. एकदा पटलाला टेकलेली पिपेट दुसऱ्या पेशीवर चालत नाही.

पहिल्यांदा सील लागला की मुलं ओरडतातच. गेल्या वर्षी एकीने “मॅडम, लागलं!” म्हणत खुर्ची मागे ढकलली आणि टेबलाला धक्का लागून पेशी निसटली. आम्ही दोघींनी मिळून दुसरी पिपेट भरली. तिसऱ्या प्रयत्नात पुन्हा लागला. सील लागत असताना टेबलावर हात टेकू नका, पंखा बंद ठेवा, पाण्याचा पंप चालू असेल तर थांबा.

सील पक्का झाला की पिपेटचा कपॅसिटन्स बटणाने घालवा. मग सिरिंजने एक छोटा, झटक्याचा ओढा द्या. पिपेटच्या तोंडातलं पटल फुटतं आणि स्क्रीनवर ते ओळखीचं चित्र उभं राहतं: उंच कळस आणि त्याचा उतार. डबीवर आठवडा काढला असेल तर इथे गोंधळायला होत नाही.

पटल फुटल्यावर: वाटेतला रेझिस्टन्स

आता पिपेटचं तोंड आणि फाटलेल्या पटलाचे तुकडे मिळून एक रेझिस्टन्स तयार झालेला असतो. त्याला सिरीज रेझिस्टन्स म्हणतात. चांगल्या दिवशी तो 8 ते 12 मेगाओम. व्होल्टेज धरणं आणि करंट सोडणं ही दोन्ही कामं एकाच पिपेटमधून होतात, म्हणून हा रेझिस्टन्स दोघांच्याही वाटेत येतो. बेडकाच्या अंडपेशीसारख्या मोठ्या पेशीत दोन वेगळे इलेक्ट्रोड घालतात, एक मोजायला आणि एक करंट द्यायला, तिथे ही अडचण फारच कमी होते. आपल्या छोट्या पेशीत ती सोय नाही.

हिशोब करून बघा. सोडियमचा करंट 4 नॅनोअँपिअर आणि सिरीज रेझिस्टन्स 10 मेगाओम. गुणाकार 40 मिलिव्होल्ट. तुम्ही उणे 30 सांगितलंत आणि अ‍ॅम्प्लिफायर दाखवतोय उणे 30, पण करंट आत येतोय, म्हणून पटल प्रत्यक्षात अधिक 10वर आहे. त्याने आणखी चॅनेल उघडतात, करंट आणखी वाढतो. कुंडीतली पातळी तुम्ही कुंडीत नव्हे, लांबच्या पाटात मोजताय असं समजा. 75 टक्के कॉम्पेन्सेशन दिलं तर चूक 10 मिलिव्होल्टवर येते. ती शून्य होत नाही, म्हणून पिपेटचं तोंड फार बारीक नको आणि करंट फार मोठा असलेली पेशीही नको.

माझ्या मर्यादा अशा: सिरीज रेझिस्टन्स 15 मेगाओमच्या वर असेल तर नोंद घेत नाही, आणि नोंदीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत तो 20 टक्क्यांहून जास्त बदलला तर ती पेशी टाकून देते. उणे 80ला होल्डिंग करंट 100 पिकोअँपिअरच्या वर गेला तरी टाकून देते. पेशी टाकताना जीव तुटतो, विशेषतः दिवसभरात तेवढीच एक मिळालेली असेल तर. तरी टाका.

नोंद

पटल फुटल्यावर तीन-चार मिनिटं थांबा, पिपेटमधलं द्रावण पेशीत नीट भरू द्या. मग उणे 80 मिलिव्होल्टवरून 10-10च्या पायऱ्यांनी अधिक 60पर्यंत पल्स द्या, प्रत्येक 50 मिलिसेकंदांची. सोडियमच्या वेगासाठी बेसेल फिल्टर 10 किलोहर्ट्झ आणि सॅम्पलिंग 50 किलोहर्ट्झ ठेवा. सॅम्पलिंग फिल्टरच्या निदान पाचपट हवं.

उणे 40च्या आसपास पल्सच्या सुरुवातीलाच खाली जाणारी एक टोकदार दरी दिसेल, एक-दोन मिलिसेकंदांत येऊन मिटणारी. हा आत येणारा सोडियम. पायरीगणिक ती हळूहळू खोल व्हायला हवी. एका पायरीला काहीच नाही आणि पुढच्याच पायरीला एकदम पूर्ण खोल, असं दिसलं तर व्होल्टेज तुमच्या ताब्यात नाही. सिरीज रेझिस्टन्स बघा, पेशीला शेपटी आहे का बघा.

जे दिसतंय तो सोडियमच आहे याची खात्री सोडियमची चॅनेल बंद करणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिनने करा. मालवणकडचे मच्छीमार ज्या केंड माशाने जाळी फाडल्याची तक्रार करतात, त्याच्या कुळातल्या माशांत हे विष सापडतं. 300 नॅनोमोलर बाथमध्ये सोडलं की न्यूरो-2एमधली ती दरी मिटते, आणि धुतल्यावर परत येते. हे विष हातमोज्यांशिवाय हाताळायचं नाही, बाटलीवर ठळक नाव लिहायचं आणि कुठे किती वापरलं याची नोंद कुलपातल्या वहीत ठेवायची.

प्रत्येक पेशीसाठी वहीत एक ओळ: तारीख, आर्द्रता, पिपेटचा रेझिस्टन्स, सीलचा रेझिस्टन्स, पटलाचा कपॅसिटन्स, सिरीज रेझिस्टन्स सुरुवातीचा आणि शेवटचा, कॉम्पेन्सेशन किती टक्के. कॉम्प्युटरमधल्या फाईलवर विसंबू नका. आमच्याकडे मुसळधार पावसात दिवे जातात, आणि ते जातात तेव्हा कागद उरतो.

काम संपल्यावर

बाथ, ड्रिपच्या नळ्या आणि ग्राउंडची तार डिस्टिल्ड पाण्याने धुवा. टेबलावर पडलेला एकेक थेंब ओल्या कापडाने पुसून कोरडा करा, वाळला तर पांढरा डाग राहतो आणि रात्रीच्या ओलीत पुन्हा पाझरायला लागतो. सूक्ष्मदर्शकाच्या खालच्या भागात, ऑब्जेक्टिव्हच्या मानेपाशी बोट फिरवून बघा. बोटाला मीठ लागलं तर तिथेही पुसा. होल्डर काढून सिलिका जेलच्या डब्यात. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले असतील तर ओव्हनमध्ये तापवून परत निळे करा, पावसाळ्यात हे दर तिसऱ्या दिवशी लागतं. मग खिडकीची कडी एकदा तपासा आणि आर्द्रतेचा संध्याकाळचा आकडा सकाळच्या आकड्याशेजारी लिहा.